सजीव सृष्टीचा नामकर्ता

आंब्याचे झाड ज्याला ठाऊक नाही असे मूल महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. परंतु ज्या झाडाला आपण आंबा म्हणतो, त्यालाच हिंदी भाषक आम म्हणतात, कानडी भाषक मावु म्हणतात आणि इंग्रज लोक मँगो म्हणतात. नावे अनेक, पण झाड एकच. याच्या उलट प्रकारही आढळतो. शाळेच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला सरळ व उंच वाढणाऱ्या एका झाडाला आपण अशोक म्हणतो. आणि केशरी-तांबड्या फुलांचे झुबके धारण करणाऱ्या, ज्याची साल वैद्य औषधात वापरतात अशा दुसऱ्याच एका वृक्षालाही अशोक म्हणतो. येथे नाव एक, पण झाडे दोन. केवळ नावावर विसंबून कोणी पहिल्या झाडाची साल औषधासाठी आणली, तर रोग्याच्या पोटात भलतेच औषध जाईल. यावरून नाव ही वाटते तितकी क्षुल्लक गोष्ट नाही, हे ध्यानात येईल.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी युरोपात नावांचा हा गोंधळ फारच माजला होता. दूरदूरच्या देशांतून परतणारी गलबते मसाल्यांच्या पोत्यांबरोबर अपरिचित बियाणे, कंद, वाळलेली फुले, शिंपले आणि पक्ष्यांची कातडी घेऊन येत. प्रत्येक विद्वान आपापल्या मताप्रमाणे त्यांना नाव देई. एकाने वर्णिलेली वनस्पती आणि दुसऱ्याने वर्णिलेली वनस्पती एकच की निराळी, हे ठरविण्यातच अभ्यासकांचा बराच काळ खर्ची पडे. या गोंधळाला शिस्त लावण्याचे काम ज्या पुरुषाने आपल्या शिरावर घेतले आणि तडीस नेले, त्याचे नाव कार्ल लिनीअस.

लिनीअसचा जन्म स्वीडन देशाच्या दक्षिणेकडील स्मोलंड प्रांतात रोशुल्ट या खेड्यात २३ मे १७०७ रोजी झाला. त्याचे वडील नील्स हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्या काळी तेथील शेतकरी कुटुंबांत आडनाव लावण्याची चाल नव्हती. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावले की काम भागे. नील्स जेव्हा विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा मात्र त्यांना आडनावाची गरज पडली. त्यांच्या घराण्याच्या जमिनीत लिंडन जातीचा एक जुना, प्रचंड वृक्ष उभा होता. त्या वृक्षावरून त्यांनी लिनीअस हे आडनाव घेतले. ज्याने पुढे हजारो झाडांना नावे दिली, त्याचे स्वतःचे आडनाव असे एका झाडाकडूनच आले होते.

नील्स यांना बागकामाची अतिशय आवड होती. कार्लच्या जन्मानंतर लवकरच हे कुटुंब जवळच्या स्टेनब्रोहुल्ट या गावी राहावयास गेले. तेथे नील्स यांनी घराभोवती एक सुंदर बाग फुलविली आणि तीत त्या भागात दुर्मिळ असलेल्या अनेक वनस्पती लावल्या. बाळ कार्ल रडू लागला की त्याच्या हाती एखादे फूल देत आणि तो तत्काळ शांत होई, असे सांगतात. जरा मोठा झाल्यावर तो वडिलांच्या मागे मागे बागेत हिंडू लागला आणि प्रत्येक रोपट्याचे नाव विचारू लागला. वडील नाव सांगत. परंतु मूल ते विसरून जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न करी. अखेर वडिलांनी त्याला बजावले की, सांगितलेली नावे ध्यानात ठेवणार नसशील तर यापुढे एकही नवे नाव सांगणार नाही. हा धाक कार्लला चांगलाच लागला. त्या दिवसापासून नाव लक्षात ठेवणे हा त्याचा नित्याचा अभ्यास होऊन बसला.

नवव्या वर्षी त्याला व्हेक्शो या गावच्या शाळेत घालण्यात आले. पुत्राने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे, अशी आईवडिलांची मनीषा होती. परंतु कार्लचे चित्त धर्मशास्त्राच्या पाठांत रमत नसे. वर्गापेक्षा गावाबाहेरची कुरणे व ओढ्याकाठची झुडपे त्याला अधिक प्रिय होती. काही वर्षांनी वडील प्रगतीची चौकशी करण्यासाठी शाळेत आले, तेव्हा शिक्षकांनी त्यांना स्पष्ट सांगितले की, हा मुलगा पुस्तकी विद्येस योग्य नाही. याला एखाद्या शिंप्याच्या किंवा चांभाराच्या हाताखाली द्यावे. इतकी वर्षे पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविणाऱ्या त्या पित्याला किती दुःख झाले असेल याची कल्पनाच करावी. परंतु त्याच गावी योहान रॉथमन नावाचा एक डॉक्टर राहत असे. तो शाळेत शिकवीतही असे आणि त्याने या मुलाचा कल ओळखला होता. वनस्पतींची आवड असलेला विद्यार्थी उत्तम वैद्य होऊ शकेल, कारण त्या काळची बहुतेक औषधे वनस्पतींचीच असत, हे त्याने नील्स यांना पटवून दिले. एवढेच नव्हे, तर कार्लला आपल्या घरी ठेवून घेऊन त्याने त्याला वनस्पतिशास्त्राचे व शरीरशास्त्राचे धडे दिले.

सन १७२७ मध्ये लिनीअस लुंड येथील विद्यापीठात गेला. तेथे डॉक्टर किलियन स्टोबेउस याच्या घरी त्याला आश्रय मिळाला. स्टोबेउसचा ग्रंथसंग्रह मोठा होता. परंतु त्याला सहसा कोणी हात लावू शकत नसे. लिनीअसने एका सहाध्यायाच्या मदतीने गुपचूप एकेक ग्रंथ मिळवून रात्री मेणबत्तीच्या उजेडात वाचण्याचा क्रम ठेवला. घरातील वृद्ध आईला मध्यरात्रीपर्यंत खोलीत दिवा जळताना दिसे आणि आगीच्या भीतीने तिला झोप येत नसे. तिने मुलाकडे तक्रार केली. एका रात्री स्टोबेउस अचानक वर गेला. विद्यार्थी दिवा तसाच ठेवून झोपी गेला असेल, असे त्याला वाटले होते. पाहतो तो लिनीअस ग्रंथात गढून गेलेला. स्टोबेउस रागावला नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून त्याने आपला ग्रंथसंग्रह त्याला खुला करून दिला.

पुढच्या वर्षी लिनीअस उप्साला येथील विद्यापीठात आला. तेथील आरंभीचे दिवस अत्यंत हलाखीचे गेले. जवळचे पैसे लवकरच संपले. जोड्यांचे तळ झिजले तेव्हा आत कागद घालून तो चालू लागला. तरीही विद्यापीठाच्या बागेत जाऊन झाडे न्याहाळण्याचा नेम त्याने मोडला नाही. १७२९ साली तो असाच बागेत बसला असताना ओलोफ सेल्सिअस नावाच्या विद्वान गृहस्थाने त्याला काही वनस्पतींविषयी प्रश्न विचारले. तापमापकाच्या संदर्भात ज्या सेल्सिअसचे नाव आपण नेहमी घेतो, त्याचा हा चुलता. फाटक्या वेशातील त्या तरुणाची बिनचूक उत्तरे ऐकून तो चकित झाला आणि त्याला आपल्या घरी घेऊन गेला. तेथून लिनीअसची ददात मिटली. १७३० साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, तो विद्यापीठाच्या बागेत विद्यार्थ्यांना वनस्पतींवर पाठ देऊ लागला.

उप्साला येथेच त्याला पीटर आर्टेडी हा जिवलग मित्र लाभला. लिनीअसला वनस्पतींचे वेड, तर आर्टेडीला माशांचे. निसर्गातील प्रत्येक जीवाची नोंद व्हावी आणि त्याला योग्य जागी बसवावे, या ध्येयाने दोघेही भारलेले होते. त्यांनी सृष्टीची जणू वाटणीच करून घेतली. दोघांत जो आधी मरण पावेल त्याचे अपुरे राहिलेले लिखाण दुसऱ्याने पुरे करावे, असा करारही त्यांनी आपसात केला. तारुण्याच्या भरात केलेला तो करार इतक्या लवकर पाळावा लागेल, असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल.

सन १७३२ मध्ये उप्साला येथील विज्ञानसंस्थेने लिनीअसला लॅपलंडच्या प्रवासास पाठविले. हा प्रदेश स्वीडनच्या अगदी उत्तरेला आहे. तेथे हिवाळ्यात दीर्घकाळ अंधार असतो, तर उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य दिसतो. लिनीअस एकटाच निघाला. त्याच्याजवळ थोडे कपडे, एक भिंग, लेखणी आणि वनस्पती दाबून ठेवण्यासाठी कागद एवढेच सामान होते. कधी घोड्यावर, कधी होडीतून, तर कधी दलदलीतून पायी चालत त्याने सुमारे पाच महिने प्रवास केला. रेनडिअर पाळून राहणाऱ्या सामी लोकांमध्ये तो राहिला. ते कोणती वनस्पती खातात, कोणती औषधात वापरतात, हे त्याने टिपून घेतले. या प्रदेशात त्याला एका नाजूक वेलीचे दर्शन झाले. तिच्या बारीकशा देठावर घंटेच्या आकाराची दोन गुलाबी फुले जोडीने लोंबत असतात. ही वेल त्याला इतकी आवडली की, ग्रोनोव्हिअस या त्याच्या डच मित्राने पुढे तिला त्याच्याच सन्मानार्थ लिनीआ हे नाव दिले.

पुढे १७३५ साली वैद्यकाची पदवी मिळविण्यासाठी तो हॉलंडला निघाला. वाटेत जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात एक गंमत घडली. तेथे सात डोक्यांचा एक भयंकर सर्प पेंढा भरून जपून ठेवला होता. त्याची कीर्ती सर्वत्र पसरली होती व किंमतही मोठी सांगितली जात होती. लिनीअसने त्या प्राण्याचे बारकाईने निरीक्षण केले आणि तो बनावट असल्याचे ओळखले. त्याचे जबडे मुंगसासारख्या वीझल नावाच्या प्राण्याचे होते आणि त्यांवर सापाची कातडी चिकटविलेली होती. ही गोष्ट त्याने उघडपणे सांगितली. त्या वस्तूचे मोल एका दिवसात नाहीसे झाले आणि मालकाचा रोष होण्यापूर्वी लिनीअसला शहर सोडावे लागले. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता डोळ्यांनी पाहावे, हा त्याचा बाणा होता.

हॉलंडमध्ये त्याने अल्पावधीतच पदवी मिळविली आणि त्याच वर्षी लायडन शहरी त्याचा सिस्टेमा नातुरे हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ म्हणजे मोठ्या आकाराची जेमतेम बारा पृष्ठे होती. परंतु त्या पृष्ठांत प्राणी, वनस्पती आणि खनिजे या तिन्हींची व्यवस्थित मांडणी केलेली होती. वनस्पतींचे वर्ग पाडण्यासाठी त्याने एक सोपी युक्ती काढली होती. फुलातील पुंकेसर मोजावयाचे. त्यांची संख्या व रचना पाहून वनस्पतीला चोवीसपैकी एका वर्गात बसवावयाचे. ज्याला मोजता येते, अशा कोणालाही या रीतीने अपरिचित फुलाचा वर्ग शोधणे शक्य झाले.

ग्रंथाचे कौतुक होत असतानाच लिनीअसवर दुःखाचा आघात झाला. आर्टेडीही त्या वेळी हॉलंडमध्ये आला होता. सप्टेंबर १७३५ मध्ये अॅम्स्टरडॅम येथे एका रात्री घरी परतत असताना तो कालव्यात पडला आणि बुडून मरण पावला. तो तीस वर्षांचाच होता. त्याच्या भाड्याचे पैसे थकले होते, म्हणून घरमालकाने त्याची हस्तलिखिते अडकवून ठेवली होती. लिनीअसने जॉर्ज क्लिफर्ड या धनिक आश्रयदात्याच्या साहाय्याने ती सोडवून घेतली, त्यांवर परिश्रम केले आणि १७३८ साली मित्राचा माशांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मित्राला दिलेला शब्द त्याने असा पाळला.

या क्लिफर्डची हार्लेम शहराजवळ मोठी बाग होती आणि तिची व्यवस्था लिनीअसकडे होती. त्या बागेत काचेच्या उबदार घरांमध्ये उष्ण देशांतील झाडे वाढविली जात. तेथे एक केळही होती. परंतु ती फुलत नव्हती. आपल्याकडे परसदारी सहज वाढणारी ही केळ त्या थंड देशात मोठे नवल होती. लिनीअसने तिला कसदार माती दिली, काही आठवडे पाणी तोडले आणि मग भरपूर पाणी घातले. १७३६ साली केळीला फूल आले आणि ते पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली.

सन १७३८ मध्ये लिनीअस मायदेशी परतला. काही काळ त्याने स्टॉकहोम येथे वैद्यकी केली. १७३९ साली स्वीडनच्या शाही विज्ञान अकादमीची स्थापना करणाऱ्यांत तो होता आणि तिचा पहिला अध्यक्षही तोच झाला. त्याच वर्षी त्याचा सारा एलिझाबेथ मोरेआ हिच्याशी विवाह झाला. १७४१ साली तो उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाला. ज्या बागेत तो कधी काळी फाटक्या जोड्यांनी हिंडत असे, तीच बाग आता त्याच्या देखरेखीखाली आली.

शिक्षक म्हणून त्याची कीर्ती सर्वदूर पसरली. उन्हाळ्यात तो विद्यार्थ्यांना घेऊन शहराबाहेर वनस्पती शोधण्यास जाई. कधी कधी या सहलीत शंभराहून अधिक मंडळी असत. कोणाला नवीन काही आढळले की सारे जमत आणि गुरू त्या वस्तूविषयी माहिती सांगे. सायंकाळी शिंगे व नगारे वाजवीत, निशाणे फडकवीत ही मिरवणूक शहरात परते आणि बागेपाशी लिनीअसचा जयजयकार होई.

या विद्यार्थ्यांना शिकवितानाच एक अडचण त्याला वारंवार जाणवे. त्या काळी वनस्पतीचे नाव म्हणजे तिचे लॅटिन भाषेतील लांबलचक वर्णन असे. उदाहरणार्थ, एका लहानशा झुडपाचे नाव होते फायसॅलिस. पण ते एवढ्यावर संपत नसे. एक वर्ष जगणारी, पुष्कळ फांद्यांची, कोनयुक्त व गुळगुळीत शाखा असलेली, दातेरी पानांची फायसॅलिस, एवढा सारा मजकूर त्या नावात भरलेला असे. नवी जात सापडली, म्हणजे पहिलीपासून तिचा भेद दाखविण्यासाठी त्यात आणखी शब्दांची भर पडे. अशी शेकडो नावे कोण पाठ करणार? वडिलांच्या बागेत नावे विसरणाऱ्या बालकाची अडचणच आता साऱ्या विद्वानांची अडचण झाली होती.

लिनीअसने यावर उपाय योजिला. त्याने प्रत्येक जातीला फक्त दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू कुटुंबाचे आडनाव. दुसरा शब्द त्या विशिष्ट जातीचा. वरील झुडूप आता केवळ फायसॅलिस अँग्युलाटा झाले. दोन शब्दांची नावे पूर्वीच्या काही ग्रंथकारांनीही कोठे कोठे वापरली होती. परंतु सर्व सजीवांना ती नियमाने लावण्याचे श्रेय लिनीअसचेच आहे. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या स्पीशीज प्लांटारम या ग्रंथात त्याने सुमारे सहा हजार वनस्पतींना अशी नावे दिली. १७५८ साली सिस्टेमा नातुरेच्या दहाव्या आवृत्तीत चार हजारांहून अधिक प्राण्यांनाही ती दिली. नवलाची गोष्ट अशी की, ही दोन शब्दांची नावे त्याला स्वतःला फारशी महत्त्वाची वाटत नव्हती. खरे नाव म्हणजे लांब वर्णन, अशीच त्याची समजूत होती. छोटी नावे विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी म्हणून त्याने समासात छापली. परंतु काळाने लांब नावे पुसून टाकली आणि समासातील नावे जगाने उचलली.

नुसती नावे दिल्याने मात्र काम भागत नाही. प्रत्येकाला ठरलेली जागाही हवी. पत्रावर आपण राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी व्यक्तीचे नाव लिहितो, त्यामुळे पत्र नेमके त्या घरी पोहोचते. लिनीअसने सजीवांनाही असाच पत्ता दिला. त्याने सृष्टीचे वर्ग पाडले, वर्गांचे गण, गणांच्या प्रजाती आणि प्रजातींच्या जाती केल्या. पुढील शास्त्रज्ञांनी यांत संघ आणि कुल या पायऱ्यांची भर घातली.

आपल्या देशातील अनेक वृक्षांनाही लिनीअसने नावे दिली आहेत. आंब्याला त्याने मँजिफेरा इंडिका म्हटले. मँजिफेरा म्हणजे मांगा नावाचे फळ धारण करणारा आणि इंडिका म्हणजे भारतातील. मांगा हा शब्द मूळचा दक्षिण भारतातील. अशा रीतीने आपल्या देशातील एक शब्द जगाच्या शास्त्रात जाऊन बसला. वडाला फायकस बेंगालेन्सिस आणि पिंपळाला फायकस रिलिजिओसा ही नावेही त्याचीच. लिनीअस भारतात कधीच आला नव्हता. मग त्याला येथील वनस्पतींची माहिती कोठून मिळाली? सतराव्या शतकात मलबारातील डच अधिकारी व्हान रीड याने त्या किनाऱ्यावरील वनस्पतींवर बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला होता. लिनीअसने या ग्रंथाचा पुष्कळ आधार घेतला. त्या ग्रंथाची माहिती पुरविणाऱ्यांत मलबारातील वैद्य इट्टी अच्युतन आणि कोकणी वैद्य रंग भट्ट, विनायक पंडित व अप्पू भट्ट हे होते. लिनीअसच्या ग्रंथातील अनेक पानांमागे या वैद्यांचे परंपरेने चालत आलेले ज्ञान उभे आहे, हे आपण विसरता कामा नये.

पुढे लिनीअसचे शिष्य पृथ्वीच्या कानाकोपऱ्यांत गेले. पेर काल्म उत्तर अमेरिकेत गेला, थुनबर्ग जपानात गेला, सोलांडर कॅप्टन कुकच्या जहाजावरून जगाची प्रदक्षिणा करून आला आणि कोनिग १७६८ साली तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे आला. परंतु या ज्ञानाची किंमत जबर होती. टार्नस्ट्रोम, हासेलक्विस्ट, लेफ्लिंग आणि फोर्स्कोल हे तरुण शिष्य परदेशीच मरण पावले. टार्नस्ट्रोमच्या विधवेने आपल्या मुलांचा बाप हिरावल्याचा दोष लिनीअसला दिला. त्या बोलाने तो व्यथित झाला आणि पुढे दूरच्या प्रवासाला अविवाहित तरुणांनाच पाठवू लागला. शिष्यांच्या मृत्यूचे दुःख त्याला अखेरपर्यंत जाळीत राहिले. ग्रंथातील एकेका ओळीमागे कोणाचे तरी कष्ट आणि कधी कधी प्राणही असतात.

लिनीअसच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. आरंभी त्याने देवमाशाला माशांत घातले होते. परंतु तो पिलांना दूध पाजतो हे ध्यानी घेऊन १७५८ साली त्याने त्याला सस्तन प्राण्यांत आणून बसविले. त्याची पुंकेसर मोजण्याची रीत सोपी होती, पण तीमुळे एकमेकांशी काहीच नाते नसलेल्या वनस्पती एका वर्गात येत. म्हणून पुढे ती मागे पडली. सर्व जाती प्रारंभापासून जशाच्या तशा आहेत, असे तो बराच काळ मानीत असे. १८५९ साली डार्विनने आपला ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर जाती कालौघात बदलतात हा विचार रूढ झाला. माणसाला वानरांच्या शेजारी बसविण्याचे धैर्य त्याने दाखविले व त्याला होमो सेपियन्स, म्हणजे सुज्ञ मानव, हे नाव दिले. परंतु माणसांचे खंड व वर्ण यांवरून चार प्रकार पाडून त्यांना भलेबुरे स्वभाव चिकटविण्यात त्याची मोठी चूक झाली. ते विज्ञान नव्हते, तो त्या काळचा पूर्वग्रह होता. आणि आजच्या शास्त्राने तो साफ त्याज्य ठरविला आहे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, हा स्वतःचाच नियम या ठिकाणी त्याने पाळला नाही.

स्वीडनच्या राजाने त्याला सरदारकी दिली आणि तो कार्ल फॉन लिने झाला. परंतु उतारवयात त्याची प्रकृती ढासळली. १७७४ साली त्याला पक्षाघाताचा पहिला झटका आला आणि पुढे त्याची स्मृती हळूहळू लोपत गेली. स्वतःचेच ग्रंथ समोर धरले असता तो त्यांची तारीफ करी. पण ते आपण लिहिले आहेत हे त्याला आठवत नसे. ज्याने हजारो जीवांना नावे दिली, त्याला शेवटी स्वतःच्या नावाचीही ओळख राहिली नाही. १० जानेवारी १७७८ रोजी त्याने इहलोक सोडला. उप्साला येथील प्रार्थनामंदिरात त्याची समाधी आहे.

त्याने गोळा केलेल्या वाळलेल्या वनस्पती, कीटक, शंख-शिंपले आणि ग्रंथ हा सारा संग्रह १७८४ साली जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाने विकत घेतला. १७८८ साली लंडन येथे लिनीअसच्या नावाने संस्था स्थापन झाली आणि तीत तो संग्रह जपून ठेवलेला आहे.

आज सुमारे वीस लाख जातींना दोन शब्दांची नावे मिळाली आहेत. वनस्पतींच्या नावांची गणना १७५३ सालच्या ग्रंथापासून आणि प्राण्यांच्या नावांची १७५८ सालच्या ग्रंथापासून करावी, असा जगातील शास्त्रज्ञांचा संकेत आहे. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर कंदिलाच्या आकाराची फुले येणारी एक वनस्पती विसाव्या शतकात शास्त्रज्ञांना आढळली. तिला सेरोपेजिया सह्याद्रिका हे नाव मिळाले. यातील पहिला शब्द लिनीअसने १७५३ साली योजिला होता आणि दुसरा आपल्या पर्वताचा आहे. ज्याची साल औषधी आहे तो अशोक सराका असोका या नावाने ओळखला जातो आणि उंच वाढणारा अशोक मोनून लाँगिफोलियम या नावाने. आता ज्याला हे नाव ठाऊक आहे, त्याच्या हातून औषधात चूक होणार नाही.

अजून असंख्य जीव नावावाचून रानावनांत, नदीनाल्यांत आणि समुद्राच्या तळाशी राहत आहेत. काही जाती तर कोणी नाव देण्यापूर्वीच नष्ट होत आहेत. जे नाहीसे होते त्याचे नावच ठाऊक नसेल, तर आपण काय गमावले हेही कळत नाही. म्हणून आपल्या अंगणातील झाडाचे, कुंपणावरील वेलीचे, खिडकीशी येणाऱ्या पाखराचे नाव विचारून घ्यावे आणि ते ध्यानात ठेवावे. स्टेनब्रोहुल्टच्या बागेत एका बालकाच्या अभ्यासाचा प्रारंभ असाच झाला होता.